चौदा रात्री, अकरा मुक्काम

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४९. येत्या मे महिन्यात मुलाची इंजिनिअरिंगची परीक्षा संपली की त्या, त्यांचे यजमान (५४), मुलगा (२०) आणि सासूबाई (७४) असे चौघे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाणार आहेत. तिथे गाडी भाड्याने घ्यायची आणि स्वतः चालवायची, हे यजमानांचं फार जुनं स्वप्न. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे आणि ताईंनी तो पत्रासोबत पाठवला आहे. १४ रात्री, ११ मुक्काम, ३,००० किलोमीटरच्या वर. पहिल्याच दिवशी क्राइस्टचर्चला विमानातून उतरून थेट लेक टेकापो. ताई लिहितात, "तक्ता बघून मी विचारलं, हा प्रवास आहे की बदली? तर म्हणाले, परदेशातले रस्ते लोण्यासारखे असतात, गाडी तिथेही डावीकडूनच चालवतात, नाशिक-गोवा मी एका दमात मारतो, तिथल्या दोन-अडीचशे किलोमीटरचं काय घेऊन बसलीस!" मागच्या वर्षी गोव्याहून परतताना साताऱ्याच्या अलीकडे त्यांना डुलकी लागली आणि गाडी कडेच्या मातीत उतरली. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून ताईंच्या मनात भीती बसली आहे. मुलगा म्हणतो, कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची सोय असलेली गाडी घेऊ, हॉटेलची भानगडच नको. सासूबाईंबद्दल ताई लिहितात, "आईंना काय, कुठेही बसवलं तरी त्या तक्रार करत नाहीत." ताईंच्या मते सरळ टूरबरोबर जावं. यजमान म्हणतात, टूरनेच जायचं तर तुम्ही जा. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मलाही गाडी येते. पण हे शेजारी बसले की माझे हात थरथरतात, म्हणून यांच्यासमोर मी चालवतच नाही. मी भित्री आहे का? आणि यांना समजावू कसं?"

ताई,

'प्रवास की बदली' हे वाचून मी मोठ्याने हसले आणि मग तो तक्ता उघडून बसले. तुमचे यजमान हौशी आहेत हे त्यातून दिसतं. रंग दिलेत, अंतरं लिहिलीत, हॉटेलांचे दर लिहिलेत. अशी मेहनत करणाऱ्या माणसाला "टूरने जाऊ" असं सांगितलं की त्याला ऐकू येतं, "तुझ्या हातात स्टिअरिंग द्यायला आम्ही घाबरतो." तुम्हाला नेमकं तेच म्हणायचं आहे आणि साताऱ्याजवळ जे झालं त्यानंतर त्यात गैरही काही नाही. पण टूर की स्वतःची गाडी, हा प्रश्न मला दुसऱ्या नंबरचा वाटतो. पहिला प्रश्न असा की हा तक्ता कशाच्या हिशेबाने बांधलाय. तो किलोमीटरच्या हिशेबाने बांधलाय. तो रात्रींच्या हिशेबाने बांधायला हवा होता.

आपल्याकडे याची शिकवण फार जुनी आहे. माउलींची पालखी आळंदीहून निघते तेव्हा तिचं वेळापत्रक म्हणजे मुक्कामांचीच यादी असते. पुण्यात दोन रात्री, मग दिवेघाट चढून गेल्यावर सासवडला पुन्हा दोन रात्री. वारीत आज किती चाललो हे कुणी विचारत नाही, आज मुक्काम कुठे हेच विचारतात. यजमानांना वारीचं उदाहरण देऊ नका, त्यांना वाटेल बायको कीर्तन करतेय. पण तुम्ही मनात ठेवा.

आता "लोण्यासारखे रस्ते". दक्षिण बेटावरचे रस्ते चांगले आहेत, पण ते आपल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गासारखे आहेत असं समजू नका. तिथले बहुतेक महामार्ग म्हणजे एक मार्गिका जायची, एक यायची, मध्ये दुभाजक नाही, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला तळं. मोकळ्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर असते, म्हणून माणूस शंभराने भागाकार करतो आणि फसतो. वळणं, चढ, थांबे धरून हिशेब ताशी ७०च्या आसपासच बसतो. क्राइस्टचर्च ते टेकापो सुमारे २२५ किलोमीटर आहे आणि न थांबता तीन तास लागतात.

शिवाय एकेरी पूल. नदी रुंद, वाहनं कमी, म्हणून पूल एकाच गाडीपुरता बांधलेला. आधी कोण जाणार हे फलक सांगतो. लाल कडेचा गोल फलक आणि त्यात तुमच्या दिशेचा बाण लहान असेल तर तुम्ही थांबायचं. निळा चौकोनी फलक आणि तुमच्या दिशेचा पांढरा बाण मोठा असेल तर आधी तुम्ही, तरीही समोर बघूनच. आपल्याकडे घाटात जो आधी दिवे मारतो तो आधी जातो. ती सवय तिथे चालणार नाही. गाडी डावीकडूनच चालते, हे खरं आहे आणि त्याचा आधारही वाटतो. पण सगळं ओळखीचं वाटतं म्हणून हात आपल्या सवयीने चालू लागतो, पिवळ्या अखंड रेषेवरही ओव्हरटेक घ्यावासा वाटतो. ती रेषा तिथे शोभेला आखलेली नसते. मागे गाड्या साचल्या तर सुरक्षित जागा बघून कडेला घ्यायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं, ही तिथली रीत. ते लोक हॉर्न वाजवत नाहीत, म्हणून ते वैतागत नाहीत असं मात्र समजू नका.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट तक्त्यात कुठेच नाही, ती म्हणजे उजेड. आपला मे म्हणजे आंब्याचा महिना, तिथला मे म्हणजे हिवाळ्याचा उंबरठा. महिन्याच्या मध्यावर क्वीन्सटाउनला सकाळी आठच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. डोंगरांच्या कुशीत तर ऊन त्याआधीच जातं. सकाळी सावलीतल्या वळणांवर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर असू शकतो. त्यामुळे उजाडल्याबरोबर घाटात शिरू नये आणि अंधारात अनोळखी रस्त्यावर असू नये.

मग हिशेब करा. तिथल्या मोटेलांत साधारण सकाळी दहाला खोली सोडावी लागते आणि नवी खोली दुपारी दोननंतर मिळते. दहाला निघालात आणि साडेचारपर्यंत मुक्कामी टेकायचं ठरवलंत तर हातात साडेसहा तास. त्यातून जेवण, चहा, सासूबाईंचे पाय मोकळे करणं, पेट्रोल यांचे दीड तास काढा. ज्यासाठी एवढे पैसे खर्च करून गेलात त्या तळ्याकडे आणि डोंगराकडे बघायला दीड तास तरी ठेवा. उरले साडेतीन तास, म्हणजे २३०-२४० किलोमीटर. मे महिन्यात त्या बेटावर एका दिवसाची ही मर्यादा धरा. तुमच्या यजमानांच्या तक्त्यात सहा दिवस या मर्यादेच्या वर आहेत.

म्हणून समजावण्याचा माझा पहिला उपाय असा: एक्सेलशी एक्सेलनेच बोला. "तुमचा तक्ता चुकलाय" असं म्हणू नका. "अहो, यात दोन रकाने वाढवून द्याल का, सूर्यास्त किती वाजता आणि गाडी कोण चालवणार?" एवढंच म्हणा. सूर्यास्ताचा रकाना ते स्वतः भरतील, आणि माझा अंदाज आहे की तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर गप्प होतील. दुसऱ्या रकान्याकडे मी पुढे येते.

पहिला दिवस मात्र वाटाघाटीचा विषयच नाही. मे महिन्यात न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसहा तास असतं. क्राइस्टचर्चला सकाळी दहाला उतरलात तर शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात, तेही मुंबईहून विमान बदलत जवळपास एक दिवस-रात्र काढल्यावर. साताऱ्याजवळ ज्यांना डुलकी लागली त्यांना त्या अवस्थेत तीन तास अनोळखी रस्त्यावर बसवायचं? क्राइस्टचर्चला दोन रात्री काढा आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी ताब्यात घ्या. सवय होण्यापुरती शहराबाहेर तासभर फिरवा. दोन रात्रींचं भाडं वाया गेलं असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या.

पुढे काय? मी तुमच्या जागी असते तर पश्चिम किनारा, नेल्सन, डनीडन, सगळं सोडलं असतं. हे वाचून यजमानांच्या पोटात दुखेल, मला कल्पना आहे. पण माझा तक्ता असा: क्राइस्टचर्च दोन रात्री, टेकापो दोन, वानाका तीन, 'ते अनाऊ' (हे अख्खं गावाचं नाव आहे) तीन आणि शेवटी क्वीन्सटाउन चार. गाडी क्वीन्सटाउनलाच परत करायची आणि तिथून विमानाने परतीचं शहर गाठायचं. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडण्याचे जादा पैसे पडू शकतात, ते आधी विचारा. हे झाले १४ रात्री, ५ मुक्काम आणि साधारण १,३०० किलोमीटर. बॅगा उघडायच्या-बांधायच्या फक्त पाच वेळा.

टेकापोला दोन रात्री का, ते सांगते. तिथलं पाणी निळसर दुधी दिसतं, कारण हिमनद्यांनी खडक दळून केलेलं बारीक पीठ त्यात तरंगत असतं. काठावर १९३५ साली बांधलेलं छोटं दगडी चर्च आहे, सासूबाईंना गाडीतून उतरून फार चालावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशी माउंट कुकच्या पायथ्याशी जाऊन या, एका बाजूने सुमारे १०५ किलोमीटर. तिथले मूळ रहिवासी माओरी लोक त्या शिखराला आओराकी म्हणतात, उंची ३,७२४ मीटर. एडमंड हिलरी एव्हरेस्टवर जाण्याआधी याच डोंगरांत घडले. तिथल्या हॉटेलासमोर त्यांचा पुतळा आहे, शिखराकडे बघत उभा. आणि रात्री परत टेकापोला या. हा सगळा भाग २०१२ पासून अंधाराचं राखीव क्षेत्र आहे, म्हणजे दिवे मुद्दाम मंद ठेवतात, आकाश दिसावं म्हणून. मेमधल्या लवकरच्या अंधाराचा मी मघापासून बागुलबुवा करतेय, पण त्याचा फायदाही आहे. तिथे भर उन्हाळ्यात तारे बघायला मध्यरात्रीपर्यंत जागावं लागतं. तुम्हाला संध्याकाळी सातला, सासूबाईंच्या खांद्यावर दोन शाली टाकून, खोलीच्या दारातून आकाशगंगा दिसेल. अकरा मुक्कामांच्या तक्त्यात ही रात्र ढगाळ निघाली तर संपलं. दोन रात्री असल्या की निदान दुसरी संधी असते.

आणि मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी. सगळे तक्ते इथेच मोडतात. तुमच्या यजमानांनी क्वीन्सटाउनहून मिलफर्डला जाऊन त्याच दिवशी परत यायचं लिहिलंय. एका बाजूने २९० किलोमीटरच्या आसपास, चार तास. जाऊन-येऊन आठ तास ड्रायव्हिंग आणि वर दोन तासांची बोट. साडेनऊ तासांच्या उजेडात हे बसत नाही, म्हणजे परतीचा घाट अंधारात आला. त्याऐवजी ते अनाऊला तीन रात्री राहा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर आहे आणि तो रस्ता हेच खरं प्रेक्षणीय स्थळ आहे. वाटेत होमरचा बोगदा लागतो, १९५४ साली वाहतुकीला उघडलेला, सव्वा किलोमीटरभर लांब, आत उतार आणि अंधार. बोगद्याच्या तोंडाशी केआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट भेटतात. ते गाडीच्या खिडक्यांचं रबर चोचीने सोलून काढतात, त्यांना खाऊ घालू नका, कितीही लाडात आले तरी. पेट्रोल ते अनाऊलाच भरून घ्या, मधल्या रस्त्यावर मोबाइलला रेंज जवळजवळ नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. हिमकडे कोसळण्याच्या धोक्याने रस्ता बंद होण्याचा काळ मेमध्ये सुरू होतो, त्यामुळे सकाळी निघण्याआधी न्यूझीलंड ट्रान्सपोर्ट एजन्सीच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती बघा आणि चाकांना बांधायच्या साखळ्यांबद्दल गाडी घेतानाच विचारा. तीन रात्रींचा हिशेब इथे उपयोगी पडतो. आज रस्ता बंद असेल तर उद्या जाता येतं. पाऊस असला तर उलट आनंद माना. तिथे वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या आंबोलीसारखाच, आणि पाऊस लागला की प्रत्येक कड्यावरून धबधबे सुटतात.

इथेच तुमची टूरची कल्पनाही वापरता येईल. ते अनाऊ आणि क्वीन्सटाउनहून मिलफर्डला बस जाते, बोटीच्या तिकिटासह. त्या एका दिवशी सगळ्यांनी बसने जावं, म्हणजे यजमानांनाही खिडकीतून बाहेर बघता येईल. स्वतः गाडी चालवणाऱ्याला त्या रस्त्यावर डांबर सोडून फारसं काही बघता येत नाही.

आता दुसरा रकाना, गाडी कोण चालवणार?

तुम्ही पत्रात हे अगदी शेवटी, चोरून लिहिल्यासारखं लिहिलंय. "मलाही गाडी येते." मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्राचा जीव त्या तीन शब्दांत आहे. तुमचं गृहीतक असं, की चालवणार ते आणि घाबरणार तुम्ही. या गृहीतकामुळे तुमच्याकडे दोनच गोष्टी उरतात, डोळे मिटून बसणं किंवा प्रवास रद्द करायला लावणं. पण ५४ वर्षांच्या एकट्या माणसाने दोन आठवडे रोज गाडी हाकावी आणि घरातला दुसरा परवानाधारक शेजारी बसून नुसता ब्रेक दाबल्यासारखे पाय दाबत राहावा, हे कुणी ठरवलं? मुलगा २० वर्षांचा आहे, गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या २१च्या खालच्याला गाडी देत नाहीत. म्हणजे दुसरा चालक तुम्हीच.

हात थरथरतात, ते गाडी येत नाही म्हणून नव्हे, शेजारून "गिअर बदल, अगं ट्रक, ट्रक!" असं ऐकू येतं म्हणून. हे मी अनुभवाने बोलतेय. माझ्या घरातही एक असाच सहचालक होता. त्यावरचा उपाय आम्हाला योगायोगाने सापडला: तुम्ही चालवत असाल तेव्हा यजमानांनी मागे, आईंशेजारी बसायचं आणि पुढे मुलाने नकाशा घेऊन बसायचं. मागच्या सीटवरून स्टिअरिंग दिसत नाही आणि आईसमोर माणूस बायकोवर ओरडायला जरा कचरतो.

भाड्याच्या गाड्या तिथे बहुतेक ऑटोमॅटिक असतात, म्हणजे क्लचचा प्रश्न मिटला. मेपर्यंत वेळ आहे. नाशिकमध्ये कुणाची ऑटोमॅटिक गाडी मिळाली तर आधी गंगापूर धरणापर्यंत, मग त्र्यंबकेश्वर, मग एकदा सापुताऱ्याचा घाट. यजमानांना न घेता. त्यांना एकदम घाट चढून आल्याचा फोटो पाठवा. आणि करार करताना जादा चालक म्हणून तुमचं नाव त्यात घालून घ्या. नाव नसताना चालवलंत आणि ओरखडा जरी पडला तरी विमा हात वर करतो. दर दोन तासांनी चालक बदलायचा, कुणी थकलंय की नाही हे न विचारता. थकलेल्या पुरुषाला "थकलात का?" विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

सातारच्या डुलकीबद्दल यजमानांशी बोलायचं तर भांडणात नको. एखाद्या रविवारी, गाडीत नसताना, एवढंच म्हणा: "त्या दिवशी मी जागी होते आणि काही बोलले नाही, म्हणून मला अजून झोप येत नाही. या वेळी मला अर्धी गाडी चालवू द्या." त्यात आरोप नाही आणि ते खरंही आहे. एवढं सांगूनही ते नाहीच म्हणाले, चाकाला हात लावू देणार नाही म्हणाले, तर मग टूर. तेव्हा मी तुमच्या बाजूने उभी आहे आणि "तुम्ही जा, मी येत नाही" या वाक्याला घाबरू नका. सासूबाईंना घेऊन तुम्ही खरंच जाऊ शकता. बाकी, भित्र्या तुम्ही नाही. भित्रं माणूस साताऱ्याची गोष्ट असल्या सदरात लिहून पाठवत नाही.

कॅम्परव्हॅनचं म्हणाल तर चिरंजीवांना सांगा, कल्पना छान आहे, मित्रांबरोबर जाशील तेव्हा कर. वाटेल तिथे गाडी लावून झोपता येतं असा समज असतो. तसं नसतं. उघड्यावर मुक्कामासाठी गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय आणि तसं अधिकृत प्रमाणपत्र लागतं, तेही परवानगी असलेल्या जागीच. मेमधल्या रात्री कडाक्याच्या थंड, ७४ वर्षांच्या गुडघ्यांनी अरुंद पायरी चढून वरच्या बिछान्याशेजारी वावरायचं, आणि शौचालयाची टाकी दर दोन दिवसांनी कुणीतरी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. त्या 'कुणीतरी'चं नाव चिरंजीव आधी लिहून देणार असतील तर बोला.

त्यापेक्षा मोटेल. आपल्याला या शब्दाने सिनेमातलं काहीतरी आठवतं, पण तिथलं मोटेल म्हणजे एकमजली खोल्यांची रांग, गाडी दाराशी, आत छोटं स्वयंपाकघर, कुकर लावण्यापुरतं. बऱ्याच ठिकाणी किल्लीबरोबर दुधाची छोटी पिशवी किंवा डबी हातात ठेवतात, चहासाठी. मला ही रीत फार आवडते. सासूबाईंसाठी तळमजला आणि न्हाणीघरात पाय उचलून टबात न शिरता अंघोळ करता येईल अशी सोय, या दोन गोष्टी बुकिंग करताना लिहून विचारा. दोन खोल्यांचं युनिट चौघांना बसतं. लहान गावांत कार्यालय संध्याकाळी सात-आठला बंद होतं, हॉटेलांची स्वयंपाकघरंही साडेआठच्या आसपास आवरतात. आम्ही दोघं एकदा स्कॉटलंडच्या उत्तरेला रात्री साडेनऊला पोहोचलो. दाराशी आकड्यांच्या कुलपाची पेटी, त्यात किल्ली, आकडे ईमेलमध्ये आणि मोबाइलला रेंज नाही. गाडीत बसून भडंग खाल्लं, शेजारच्या घरात दिवा लागेपर्यंत. तेव्हापासून मी दाराचे आकडे कागदावर लिहून घेते आणि उजेडातच पोहोचते.

तुमच्यासारखीच पत्रं युरोपात गाडी चालवायला निघालेल्यांचीही येतात, त्यांनाही हाच रात्रींचा हिशेब. फक्त तिथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून माणूस उलट दिशेने फसतो, अंधार पडत नाही तोवर चालवतच राहतो. शिवाय गाडी उजवीकडून. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनियात महामार्गासाठी आधी पथकराचा परवाना घ्यावा लागतो. इटलीत जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड घरी परतल्यावर महिन्यांनी येतो. मुक्काम गावाबाहेर घ्या आणि आत बसने जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत असतो, तो चालतो. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना दोघांनीही काढून घ्या, तो एक वर्ष चालतो आणि गाडी देणारे कधीकधी मागतात. गाडीच्या विम्यात अपघात झाला तर सुरुवातीची काही हजार डॉलरची रक्कम आपल्या खिशातून जाते, तिला तिकडे एक्सेस म्हणतात. रोजचे थोडे जास्त पैसे भरून ती कमी करून घ्या. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा कच्चा रस्ता भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात बसत नाही, यजमानांनी कुठे व्हिडिओ बघितला असेल तर आत्ताच सांगून ठेवा. अपघातातल्या दुखापतीला तिथली सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, आजारपणाला नाही. म्हणून सासूबाईंचा प्रवास विमा नीट वाचून घ्या आणि त्यांची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि त्यांच्याबद्दलच एक राहिलं. "कुठेही बसवलं तरी तक्रार करत नाहीत," असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. पण त्यांना काय बघायचंय, हे तुमच्या तीन पानी पत्रात कुठे आलं नाही. कदाचित त्यांना मिलफर्डही नको असेल आणि नुसतं तळ्याकाठी बाकावर बसायचं असेल. कदाचित त्या म्हणतील, मला बोटीत बसायचंय, उशीर झाला तरी चालेल. तक्ता नवा करण्याआधी छापून त्यांच्या हातात द्या, पेन्सिल द्या आणि आवडेल त्या दोन ठिकाणांवर खूण करायला सांगा. त्या दोन ठिकाणी तीन-तीन रात्री. माझ्या तक्त्यापेक्षा त्यांच्या खुणांना मान द्या, मी रागावणार नाही.

शेवटी खाऊचं. चकल्या, चिवडा, मेतकूट, लोणचं, जे काही न्याल ते न्यूझीलंडमध्ये शिरताना द्यायच्या जाहीरनाम्यात लिहा. लिहिलंत तर दंड नाही, फार तर ते काढून घेतील. लपवलंत तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर. मध, फळं, तूप, पेढे घरीच ठेवा. ट्रेकिंगचे बूट न्याल तर मातीचा कण राहणार नाही असे घासून न्या, त्यांचीही तिथे तपासणी होते. सगळे डबे एकाच पिशवीत ठेवा, प्रत्येकावर इंग्रजीत नाव आणि जिन्नस लिहून चिकटवा. आणि अधिकाऱ्याला मेतकूट म्हणजे काय ते समजावून सांगायचं काम चिरंजीवांवर सोपवा.